शेवाळ खाणारी गोगलगाय निवडताना



मुलाची बदली झाली आणि नातवाचा साठ लिटरचा फिश टँक आमच्या सांगलीच्या घरी मुक्कामाला आला. आठ गप्पी मासे, सगळे नर, थोडी पाण्यातली झाडं आणि एक फिल्टर. ‘जैनाच्या घरात मासे?’ असं स्वाध्यायाला येणाऱ्या दोघींनी विचारलंच. मी स्वतः विकत आणले नसते, हे खरं. पण पेटीत वाढलेले मासे नदीत सोडणं ही काही दया नव्हे. त्यांचं आयुष्य आहे तोवर नीट सांभाळायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

महिन्याभरात काचेवर आणि पानांवर शेवाळ चढलं. दुकानदाराने दोन उपाय सांगितले, औषधाची बाटली नाहीतर गोगलगायी. बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचलं (बी.कॉम. झाल्यापासून बारीक अक्षर वाचायची सवय आहे), त्यात कॉपर सल्फेट होतं. तांब्याचा अंश शंख-शिंपल्यांच्या जातीला मारक असतो, आणि एकदम मेलेलं शेवाळ पाण्यात कुजलं की माशांनाही प्राणवायू कमी पडतो. बाटली तिथेच ठेवली.

राहिल्या गोगलगायी. दुकानदार सांगतो, ‘ताई, फुकटचे कामगार आहेत.’ आपल्याला मात्र हे वाक्य खटकायला हवं. पाठशाळेत आपण शिकलो, शेवाळ एकेंद्रिय, त्यातही अनंतकाय, आणि शंखातला जीव द्वींद्रिय, स्पर्श आणि रसना असलेला. नातू म्हणतो, ‘आजी, तिला डोळेपण असतात.’ मिशांच्या बुडाशी दोन काळे ठिपके दिसतात खरे. तो विषय आमच्या पाठशाळेच्या बाईंसाठी राखून ठेवला आहे. पण एकेंद्रियाच्या मागे त्रस जीव लावायचा तर त्याचा भार आपल्याच खात्यावर येणार.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत, बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गोगलगाय निवडताना मला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. शेवाळ संपवायलाच तिला आणायची, आणि ते संपल्यावर तिने काय खायचं? हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त नाव आहे नेराइटचं. पट्टेवाली, देखणी, काचेवरचे कडक हिरवे ठिपकेसुद्धा खरवडते. तिची पिल्लं गोड्या पाण्यात होत नाहीत, म्हणून संख्या वाढत नाही, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगतात. पण ती अंडी घालतेच. काचेला, लाकडाला तिळासारखे पांढरे दाणे चिकटतात. त्यातल्या पिल्लांना खारट पाणी लागतं, ते न मिळाल्याने ती जगत नाहीत. लोक दाणे दिसायला वाईट दिसतात म्हणून तक्रार करतात, मला ते दाणे वेगळ्याच कारणाने बघवणार नाहीत. शिवाय घरच्या टँकमध्ये त्यांची पैदास अवघड, म्हणून बहुतेक नेराइट खाडीच्या बाजूने पकडूनच आणलेल्या असतात. शेवाळ संपलं की पुष्कळदा दुसरं काही तोंडाला लावत नाहीत आणि उपाशी मरतात. त्यामुळे नेराइट मी वगळली.

दुसरी मिस्ट्री स्नेल. मोठी, शांत, काकडी-पालक आवडीने खाते. पण ती विष्ठाही तेवढीच करते आणि काचेवरच्या कडक शेवाळाला तिचा फारसा उपयोग नाही. मादी पाण्याच्या वर, झाकणाखाली अंड्यांचा गुलाबी घोस चिकटवते. एकटी आणली तरी आधीच्या मिलनावर पुढे कित्येक महिने अंडी देऊ शकते. लोक सांगतात, घोस काढून टाका. ते माझ्या हाताने होणार नाही.

आणि एक असते असॅसिन स्नेल, जी इतर गोगलगायींनाच खाते. तिच्याबद्दल लिहीतही नाही.

शेवटी घेतल्या त्या दुकानात कुणी विकत मागत नाही अशा. रॅम्सहॉर्न, मेंढ्याच्या शिंगासारखा चपटा वेढा असलेल्या. आमच्याच इमारतीत एका घरी झाडांबरोबर आल्या आणि वाढल्या म्हणून त्या कचऱ्याच्या डब्यात जाणार होत्या. चार मी मागून आणल्या. मऊ शेवाळ, पिवळी पडलेली पानं, माशांचं उरलेलं खाणं, सगळं खातात. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, म्हणून वाढतात हे खरंच. पण त्यांची वाढ खाण्यावर चालते. आपण माशांना जास्त टाकलं तर त्या वाढणार. म्हणजे मोजमाप माझ्या चिमटीत आहे. हिशेब अगदी पैशापर्यंत जुळतो असं मी म्हणणार नाही, एखादं पिल्लू गप्पीही टिपत असेल. पण बाकीच्या दोन्हींपेक्षा हा ताळेबंद मला बरा वाटतो.

खरं काम मात्र गोगलगायीआधीच करायचं असतं. टँक पूर्वेच्या खिडकीपासून हलवला. दिवा टायमरवर सहा तास. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलते. आमचं बोअरचं पाणी क्षारांचं, पातेल्याला पांढरी खर बसते, त्याला इतकी वर्षं नावं ठेवली, पण शंख मजबूत राहायला तेच चांगलं. पाणी आम्लधर्मी असलं की शंख झिजतात. शेवाळ कमी उगवलं की खरवडायचंही कमी. समोरची काच तेवढी जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने पुसते, मागची गोगलगायींना ठेवली आहे.

काढलेलं पाणी तुळशीला घालण्याआधी दुहेरी पांढऱ्या कापडातून गाळते. मोहरीएवढी पिल्लं कापडावर दिसतात, ती परत टँकमध्ये. पाणी गाळायचा आयुष्यभराचा हात इथे कामी आला.

एक सूचना. शेवाळ कमी पडलं तर म्हणून ज्या हिरव्या वड्या विकतात, त्यांच्या डब्यावरचे घटक वाचा. पुष्कळांत माशाची पूड असते. मी काकडीची चकती नाहीतर उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान रात्री ठेवते आणि उरलेलं सकाळी काढते. अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी खात नाही, पण त्यांना चुकवत नाही. आमचे हे म्हणाले, ‘व्रत तुझं, त्यांचं कशाला?’

काल मोजल्या तेव्हा एकोणीस होत्या. म्हणजे माशांचं खाणं अजून थोडं जास्त पडतंय, या आठवड्यापासून चिमूट लहान केली आहे. सांगलीतल्या कुणाला हव्या असतील तर आनंदाने देईन, पण तुमच्या टँकमध्ये लोच किंवा पफर मासा नाही ना, ते आधी सांगा. ते गोगलगायी खातात.