डासाचा एक पाय

७ ऑगस्ट, डिंभे

उजाडायच्या आत गोठ्यात शिरले. रात्री रक्त पिऊन जड झालेल्या माद्या या वेळी वाशांना, कोळिष्टकांना, खुंटीवरच्या दाव्यांना बिलगून असतात आणि उडायचा कंटाळा करतात. टॉर्च तिरपा धरायचा, काचेची नळी हळूच जवळ न्यायची आणि रबरी नळीच्या टोकाने श्वास ओढायचा. मध्ये जाळी असते म्हणून डास तोंडात येत नाही, शेणाचा वास मात्र येतो.

घरच्या आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. "मारायचं सोडून जित्ते धरतीस, वर कापसाचा बोळा लावतीस. लय माया गं तुझी डासांवर."

पोटाचा भाग वर करून, भिंतीशी कोन करून बसला तो अ‍ॅनोफिलीस, असं शाळेच्या पुस्तकात असतं. मला हवा असलेला अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस नेमका हा नियम पाळत नाही; तो क्युलेक्ससारखा जवळजवळ भिंतीला समांतर बसतो. तेव्हा बसण्याच्या ढबीवर विसंबायचं नाही, दिसेल ते नळीत घ्यायचं. अर्थात पावसाळ्यात गोठ्यातून निघतो तो बहुतेक अ‍ॅनोफिलीस सबपिक्टसच. इथल्या माणसांना त्याच्यापासून फारसा धोका नाही म्हणून तो दुर्लक्षित राहतो. पण गोव्यात त्याच्या लाळग्रंथींतही हिवतापाचे परजीवी सापडले आहेत, त्यामुळे मी त्याच्याही कुप्या ठेवते.

८ ऑगस्ट, घोडेगाव

दिवसभर सूक्ष्मदर्शक. क्युलिसिफेसीस आणि त्याच्यासारखाच दिसणारा अ‍ॅनोफिलीस फ्लुविएटिलिस यांच्यातला फरक पंखावरच्या तिसऱ्या शिरेत असतो. पहिल्याची ती शीर बहुतांश काळी, दुसऱ्याची बरीचशी फिकी. शिरेवर खवले शाबूत असतील तोवर हे सोपं आहे. नळीत आपटून खवले झडले की कुठलाही डास कुठल्याही जातीचा वाटायला लागतो.

मुख्य अडचण त्याच्या पुढची. खवले शाबूत असलेला, अगदी नि:संशय क्युलिसिफेसीससुद्धा एक जात नाही. त्यात ए, बी, सी, डी, ई अशा पाच सहोदर जाती आहेत आणि बाहेरून त्या तंतोतंत सारख्या दिसतात. बी ही गुरांच्या रक्तावर जगते, बहुतेक ठिकाणी हिवताप पसरवण्यात तिचा वाटा नगण्य. बाकीच्या चार पसरवतात. फ्लुविएटिलिसचंही तेच. त्यातली एस माणसाच्या मागे लागलेली आणि धोकादायक. टी आणि यू गोठ्यात रमणाऱ्या. वहीत नुसतं 'क्युलिसिफेसीस, गोठा' लिहिलं की हे सगळं झाकलं जातं, आणि त्या एका नावावर फवारणीचा खर्च होतो.

२० ऑगस्ट, जुन्नर

आज जागतिक डास दिन. तालुक्याच्या गावी एका शाळेत बोलायला बोलावलं होतं. १८९७ मध्ये याच तारखेला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. हुसेन खान नावाचा रुग्ण अंगावर डास चावून घेई आणि त्याला दर डासामागे एक आणा मिळे. हे सांगितल्यावर मुलं खूश झाली. आता काय भाव चालू आहे, असं मागच्या बाकावरून आलंच.

रॉसला त्या डासाची जात ठाऊक नव्हती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने आपल्या टिपणांत त्याला ठिपकेदार पंखांचा डास म्हटलं आणि पुढे गेला. शोध लागायला तेवढं पुरलं. बंदोबस्ताला तेवढं पुरत नाही, हे कळायला पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ लागला.

२ सप्टेंबर, चावंड

पावसाने उघडीप दिली म्हणून गडावर. खडकात खोदलेल्या टाक्यांच्या कडेकडेने डिपर, म्हणजे अळ्या काढायचा पेला, बुडवत फिरले. अ‍ॅनोफिलीसच्या अळीला श्वासनळी नसते, त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. सावली पडली की तळाशी. मग निमूट उभं राहायचं, ती वर येईपर्यंत. नाणेघाटापासून लेण्याद्रीपर्यंत या मुलखात दगडात कोरलेली टाकी जागोजाग आहेत. अळ्यांचा विचार केला तर सातवाहनांच्या काळापासूनची सोय. ट्रेकला आलेल्या मुलांनी विचारलं, पाणी प्यायचं का? मी डिपरमधलं दाखवलं. त्यांनी बाटल्या बंद केल्या.

१४ सप्टेंबर, नारायणगावजवळ

संध्याकाळचं काम वस्तीच्या आतच उरकलं. उसाकडे कुणी जाऊ देईना, बिबट्याची मादी पिल्लं घेऊन फिरतेय. हा ऊस कालव्याचा. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं आहेत. कालव्याला पाझर लागतो, त्याच्या कडेला स्वच्छ पाण्याची, उन्हातली डबकी साचतात आणि क्युलिसिफेसीसला नेमकं तेच लागतं. पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, हळू वाहणारे ओढे आहेत. तो इलाखा फ्लुविएटिलिसचा. एसटीने अर्ध्या दिवसात दोन्हीकडे जाऊन येता येतं.

वस्तीवरचे एक दादा म्हणाले, "आमच्याकडं हिवताप कुठाय मॅडम? तो गडचिरोलीचा." गडचिरोलीवर मोठा भार आहे, हे खरं. पण परजीवी माणसाच्या रक्तातून प्रवास करतो. ऊसतोडीला, बांधकामाला माणसं लांबून येतात आणि डास इथे आधीपासून आहे. तो कुठल्या जातीचा आहे एवढंच विचारायला मी आले आहे. दादांनी चहा दिला आणि दुसऱ्या गोठ्याची चावी दिली.

६ ऑक्टोबर, पुणे

प्रयोगशाळा. पूर्वी ही ओळख गुणसूत्रांवरून पटवायची. मादीच्या बीजांडकोशातल्या पोषक पेशींत जाड, पट्टेदार गुणसूत्रं असतात आणि कुठला पट्टा उलटा बसलाय त्यावरून जात ठरते. क्युलिसिफेसीस एक नाही, हे १९८० मध्ये असंच कळलं. मात्र त्यासाठी मादी जिवंत हवी आणि अर्धगर्भार, म्हणजे रक्त अर्धं पचलेलं, अंडी अर्धी भरलेली. थोडी इकडे किंवा तिकडे असली की पट्टे वाचता येत नाहीत. नर, अळी, मेलेला डास, सगळं बाद. शिवाय बी आणि ई यांचे पट्टे सारखेच. रामेश्वरमला ई ओळखली गेली ती वाय गुणसूत्राच्या आकारावरून. श्रीलंकेत तर वर्षानुवर्षं एकट्या बीच्या नावावर हिवताप मांडला जात होता. पुढे तिथेही ई सापडली. तो देश २०१६ मध्ये हिवतापमुक्त जाहीर झाला.

आता एक पाय पुरतो. पाय तोडून डीएनए काढायचा, बाकी डास टाचणीवर जपून ठेवायचा, म्हणजे शंका आली तर परत बघता येतं. मग पीसीआर. २८एस जनुकाच्या डी३ भागावरची चाचणी क्युलिसिफेसीसचे दोन गट पाडते, ए-डी एकीकडे आणि बी-सी-ई दुसरीकडे. गटाच्या आत कोण, हे सांगायला मायटोकॉन्ड्रियातल्या सीओ-टू जनुकाची दुसरी चाचणी लागते. पहिल्या चाचणीवर थांबून जाती मोजणारे लोक आहेत. त्यांचे तक्ते मी वाचते, पण बी आणि ई एकाच रकान्यात असतील तर त्या रकान्याचं करायचं काय?

७ ऑक्टोबर

जेलवर पट्ट्या आल्या, त्याही स्पष्ट. एका खान्यात काहीच नाही. तो पाय बहुधा नळीच्या काठालाच चिकटून राहिला.

ऑगस्टमधल्या एका खवले झडलेल्या डासाचं बारकोड आलं, सीओ-वन जनुकाची ६५८ अक्षरं. सबपिक्टस निघाला. बारकोडचा खरा उपयोग अशा फाटक्या-तुटक्यांना. सहोदर जाती वेगळ्या करायला तो पुष्कळदा अपुरा पडतो, आणि नवशिक्यांना आधी तोच सुचतो.

२३ नोव्हेंबर, आहुपे

खाचरांत हिरव्या रंगाचा मागमूस नाही, भात कापून झालाय. ओढे मात्र वाहते आहेत, फ्लुविएटिलिसचा हंगाम. इकडच्या बऱ्याच घरांत माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली, मध्ये फक्त कूड. जनुक सांगेल, ही मादी एस की टी. तिने रात्री कुडाच्या कुठल्या बाजूला रक्त प्यायलं, हे सांगायला पोटातल्या रक्ताची वेगळी चाचणी करावी लागते, आणि त्याआधी ती कुडाच्या कुठल्या बाजूला बसलेली सापडली हे मलाच लिहावं लागतं. आजपासून प्रत्येक कुपीवर वेळ, भिंत आणि जमिनीपासूनची उंची. पेन्सिलीनेच, कारण अल्कोहोल लागलं की पेनची शाई जाते.

गावातल्या आशाताई बरोबर होत्या. त्यांच्याकडे रक्तनमुन्यांची नोंदवही, घरवार. माझी वही गोठावार. दोन्हींतले घरक्रमांक जुळत नाहीत. उद्या सकाळी त्यांच्या ओसरीवर बसून आधी तेवढं जुळवायचं, मग ओढ्यावर.