सर्व्हर चालू हाय का?

कळंबला माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, परीक्षांचे फॉर्म. येणारा माणूस पायरीवरूनच विचारतो, "सर्व्हर चालू हाय का?" सत्तरीतल्या आजोबांनाही हा शब्द पाठ झालाय. त्यांना काय माहीत, मागच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमागे एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो, आणि तो खरंच सर्व्हर आहे. माइनक्राफ्टचा.

त्यावर आम्ही पाच जण खेळतो. बारावीपर्यंत एका वर्गात होतो. मग एक पुण्याला गेला, एक लातूरला, एक संभाजीनगरला. मी इथंच राहिलो. पाचवा येरमाळ्याकडच्या त्याच्या गावात, शेतीत. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री असते, त्या आठवड्यात तो मोटार चालू करून शेतातल्या खोलीत बसतो. मोबाईलचा हॉटस्पॉट, सेकंडहँड लॅपटॉप. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायच्या मधल्या वेळात त्याचा खेळ.

साधा माइनक्राफ्ट लवकर संपतो, म्हणून आम्ही मॉड टाकले. मॉड म्हणजे खेळात भर घालणाऱ्या फाईली, लोकांनी हौसेनं बनवलेल्या. आमचा लाडका म्हणजे क्रिएट. त्यात पाणचक्की, दाती, पट्टे जोडून खरीखुरी यंत्रं बांधता येतात. शेतातल्या मित्रानं ओढ्यावर पाणचक्क्यांची रांग लावून गिरणी उभी केली होती. आमच्या सगळ्या जगात बघण्यासारखं तेवढंच होतं.

अडचण अशी, की असा मॉड सर्व्हरवर आणि खेळणाऱ्याकडे, दोन्हीकडे लागतो, आणि आवृत्तीही जुळावी लागते. नाही जुळली तर सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. आमच्याकडे साठेक मॉड. मी फाईली ग्रुपवर टाकायचो, बाकीचे उतरवून फोल्डरमध्ये ठेवायचे. फाईलींची लांबलचक नावं बघून मला कंटाळा यायचा, म्हणून मी आवृत्तीचे आकडे काढून नावं सुटसुटीत केली. नुसतं क्रिएट, नुसतं अमुक, नुसतं तमुक. तेव्हा हुशारी वाटली होती.

एका रात्री मी क्रिएटची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली. तिघं ऑनलाईन होते, त्यांना तिथल्या तिथं नवी फाईल दिली. शेतातला नव्हता. त्याचा दिवसपाळीचा आठवडा होता.

पुढच्या आठवड्यात तो आला. "आतच घेईना की लेका. क्रिएट जुळत न्हाई म्हणतंय."

"ग्रुपवरची फाईल परत टाक."

"टाकली."

"जुनी काढून टाकलीस का?"

"काढली."

असं तीन रात्री चाललं. मी सांगितलं म्हणून त्यानं दोनदा अख्खं फोल्डर पुसून सगळं नव्यानं उतरवलं. दिवसाला दीड जीबी डेटा असलेल्या माणसाला हे सांगताना मला काही वाटलं नाही. माझ्याकडे फायबर आहे. तिसऱ्या रात्री, बाकीचे तिघं ऐकत असताना, मी म्हणालो, "एक फाईल इकडची तिकडं ठेवता येईना व्हय तुला?"

तो "बरं, राहू दे" म्हणाला. मग दोन महिने आलाच नाही. गिरणी आपली फिरत राहिली. आम्ही त्याच्याबद्दल, "शेतीत अडकला असेल," असं म्हणायचो. ते सोयीचं होतं.

जुलैत पीक विम्याच्या गर्दीत तो दुकानात आला. सोयाबीनचा फॉर्म भरायचा होता. पिशवीत लॅपटॉप होता, चार्जर बिघडला म्हणून दाखवायला आणलेला. चार्जर बघता बघता मी त्याचं मॉडचं फोल्डर उघडलं. साठच्या साठ फाईली जागच्या जागी. क्रिएटही होती. नाव तेच. मग मी सर्व्हरवरच्या फाईलीचा आकार बघितला. वेगळा. ग्रुपवर वर सरकत गेलो. तिथं माझीच जुनी फाईल पडून होती. नवी टाकायची राहिली होती. तो बिचारा मी सांगेन तेच, सांगेन तसंच करत होता, आणि दरवेळी माझी चूक उतरवून घेत होता.

"माझंच चुकलं होतं," मी म्हणालो.

"चालतंय की," तो म्हणाला. "फॉर्मचं बघ आधी. सर्व्हर चालू हाय का?"

त्या रात्री मी ठरवलं, यापुढे फाईल पाठवायचीच नाही.

यासाठी पॅकविझ नावाचं एक फुकट साधन आहे. त्यात मॉडची एक यादी बनते. प्रत्येक मॉडपुढे तो कुठून उतरवायचा, तो खेळणाऱ्याला लागतो की सर्व्हरला की दोघांना, आणि त्याचा हॅश. हॅश म्हणजे फाईलीच्या अंगठ्याचा ठसा. आतल्या मजकुरावर गणित करून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाईलीत एक अक्षर बदललं तरी सगळा ठसा बदलतो, आणि नाव काहीही ठेवा, ठशाला फरक पडत नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

यादी इंटरनेटवर एका जागी ठेवली. मग प्रत्येकाच्या प्रिझम लाँचरमध्ये एक ओळ घातली. खेळ सुरू व्हायच्या आधी ती यादी वाचते, ठसे ताडून बघते, जी फाईल वेगळी तेवढीच उतरवते आणि यादीतून काढलेली पुसून टाकते. सर्व्हरही चालू होताना तीच यादी वाचतो. आता मी एक मॉड बदलला तर शेतातल्या मित्राचा तेवढ्याच एका फाईलीचा डेटा जातो. कुणाचं काय चुकलं हे विचारायची वेळच येत नाही.

पण ही सोय करताना हात थोडा थबकला. मॉड म्हणजे शेवटी प्रोग्रॅम, तो कॉम्प्युटरवर काहीही करू शकतो. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस नावाजलेल्या मॉडमधूनच पसरला होता. काही मॉड बनवणाऱ्यांची खाती कुणीतरी ताब्यात घेऊन त्यात तो घुसवला होता. ठसा एवढंच सांगतो की फाईल यादीतलीच आहे. यादी करणारा नीट आहे का, हे तो सांगत नाही. म्हणजे चार जणांच्या कॉम्प्युटरची किल्ली मी खिशात घालत होतो. तिघांनी लगेच हो म्हटलं. चौथ्याला मी फोन केला आणि हे सगळं समजावून सांगितलं.

तो थोडा वेळ गप्प होता. मागं मोटारीचा आवाज येत होता.

"म्हणजे आता तुझं चुकलं तर सगळ्यांचंच चुकणार?"

"हो."

"मग हरकत न्हाई," तो म्हणाला. "एकट्याचं नको."

ती ओळ घालायला मी रविवारी त्याच्या शेतात गेलो. फोनवरून सांगून झालं असतं, तरी गेलो. नव्या चार्जरवर लॅपटॉप चालू केला. काळ्या खिडकीत नावं सरकली, क्रिएटपाशी हिरवी पट्टी जरा रेंगाळली, आणि खेळ उघडला. तो आत गेला. सरळ ओढ्याकडे.

गिरणी चालू होती. त्यानं दोन पेट्या उघडून पाहिल्या. दोन महिन्यांचं पीठ कोंबून भरलं होतं.

"कुणी नेलं न्हाई व्हय रे?" त्यानं विचारलं.

कुणीच नेलं नव्हतं.