पाणी जोखताना

माणसाचे डोके तापले तर ते कपाळावरच्या शिरेवरून ओळखावे लागते. मोटारीचे तसे नाही. तिचे डोके तापले की तिच्या तोंडचे पाणी पळते, आणि तेही शिट्टी वाजवीत, चारचौघांच्या देखत! हे दोन्ही वाक्प्रचार मी कित्येक वर्षे महाविद्यालयात शिकवीत आले आहे. पण ते एका वाक्यात उपयोगात आणून दाखवले ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रीमियर पद्मिनीने.

ही गाडी १९८१ सालची. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ती जन्मली तिथे या जातीची गाडी निघणे २००० सालच्या सुमारास थांबले. तेव्हा आता ती माहेर नसलेली म्हातारी. दर पाच वर्षांनी तिची तपासणी होते, नोंदणी वाढवून मिळते, आणि दर वेळी कोणीतरी आप्त म्हणतात, "आता काढून टाका हो!" मी हसून चहा पुढे करते. अण्णा गेले, त्यांची गाडी तरी दारात उभी असू द्यावी, एवढाच माझा हट्ट.

पण म्हातारपणी ऊन बाधते हे माणसांइतकेच मोटारींनाही लागू आहे. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यातली चाकांच्या वाट्याला येते ती जेमतेम चौथाई. जवळजवळ तितकीच पाण्याला वाहून न्यावी लागते आणि उरलेली सायलेन्सरमधून वाऱ्यावर जाते. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पंप त्याला पुन्हा कामावर धाडतो. रेडिएटरचे टोपणदेखील साधे झाकण नव्हे. आपल्या कुकरची शिट्टी जे करते तेच त्याची स्प्रिंग करते: वाफ कोंडून दाब वाढवायचा, म्हणजे पाणी उशिरा उकळते. टोपणाची रबरी चकती झिजली, की बाकी सारे ठाकठीक असूनही गाडी रुसते. कुकरची रिंग सैल झाली म्हणजे वरणाचे काय होते ते कोणत्याही गृहिणीला विचारा!

अण्णांनी घालून दिलेली नित्यपूजा सोपी आहे. सकाळी इंजिन गार असताना टोपण उघडून पाण्याची पातळी पाहायची. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबायचा. तो अर्धा इंच लवला तर ठीक, जास्त लवला तर सैल. रबरी नळ्या चिमटून पाहायच्या. कडक झाल्या वा फुगल्या तर बदलायच्या. आणि दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. तापल्या इंजिनाचे टोपण उघडायचे नाही, कारण हात भाजतो; आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचे नाही, कारण हेड तडकते. तापल्या माणसाशी बोलतानाही मी हेच दोन नियम पाळते.

या साऱ्याची परीक्षा राजूर घाटात होते. आमचे बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, हवा गार. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव म्हणजे पूर्णेचे खोरे, मे महिन्यात पारा ४४ अंशांवर. तिथून वर यायचे तर गिअर खालचा, इंजिनाची घरघर मोठी, पण चाल मुंगीची. त्यामुळे समोरून वाराही लागत नाही. अशा वेळी अण्णांनी हौसेने बसवून घेतलेला तापमानाचा काटा मी परीक्षेच्या निकालासारखा पाहत असते. तो लाल रेघेकडे झुकू लागला की एखाद्या सावलीच्या वळणावर थांबते, इंजिन लगेच बंद न करता मंद चालू ठेवते, आणि पाणी फिरत राहून काटा हळूहळू मागे येतो.

पण नुसते पाणी भरून भागत नाही. पाणी जोखावेही लागते. आमच्या जिल्ह्यात पाण्याच्या तऱ्हा तरी किती! डोंगरावर गोडे, लोणारच्या सरोवरात इतके खारट नि क्षारयुक्त की त्याची जातच वेगळी, आणि पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला तो खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचे पाणी घशाखाली उतरते, पण तहान भागल्यासारखी वाटत नाही. अण्णांच्या पश्चात दोन वर्षे गाडी नांदुऱ्याकडे माझ्या काकांकडे होती आणि अर्थातच तिथलेच पाणी प्याली. परत आली ती तापट होऊनच.

खामगावच्या आमच्या मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला, डाख सोडवून वरची टाकी अलग केली आणि मला जवळ बोलावले. नळ्यांच्या तोंडांशी पांढरा थर जमला होता, जुन्या माठाच्या बुडाशी जमतो तसा. असा पातळ थरही उष्णतेला आडवा येतो. शिवाय खारे पाणी धातूला आतून खाते ते निराळेच. "ताई," मिस्त्री म्हणाले, "गाडीले हे पानी पाजू नोका. बॅटरीत टाकतो ते शुद्ध पानी आना, त्यात कूलंट टाका."

"आणि तुमच्या गावाला तुम्ही काय पिता?" मी विचारले. त्यांचे गाव संग्रामपूर तालुक्यातले.

"आता कॅन घेतो. पन पोरपन त याच पान्यावर गेलं." मग नळीतून बारीक सळई फिरवत म्हणाले, "मोठा भाऊ हप्त्यातून दोनदा अकोल्याले जाते, डायलिसिसले. रेडिएटरले सळई मारता येते, ताई. मानसाले काय माराव?"

संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत मूत्रपिंडाचे रुग्ण घरोघरी सांगतात आणि बोट पाण्याकडे दाखवतात. वान धरणाचे पाणी नळाने काही गावांत पोचले, काही गावे अजून वाट पाहत आहेत. माझ्या वर्गात त्या गावांची मुले बसतात. पाणी जोखणे म्हणजे काय हे त्यांना मी खडू घेऊन शिकवते! मोटारीला काटा असतो, लाल रेघ असते, थांबायला वळण असते. मूत्रपिंडाचे दुखणे मात्र बहुधा फार पुढे गेल्यावरच वर्दी देते. रक्ताची साधी तपासणी हा माणसाचा एक काटा.

यंदा दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालण्याआधी मिस्त्रींनी रेडिएटर धुऊन दिला. मजुरी हातावर ठेवताना मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले, की दिवाळीच्या आत स्वतःचे रक्त तपासून घ्यायचे. गेल्या आठवड्यात फोन करून आठवण दिली, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"गाडी गरम होत नाई ना, ताई? मंग झालं त!"

उद्या सुट्टी आहे. गाडीत पाणी भरून ठेवले आहे. त्यांना घेऊन मीच दवाखान्यात जाणार आहे.