अठरा आणि अठरा

आमच्या लहानपणी कोकणात बॅटरी म्हणजे विजेरी. रात्री नमन बघून घरी परतताना ती हातात हवीच. सेल संपले की वाण्याकडून दोन मोठे सेल आणायचे. बॅटरी एका कंपनीची, सेल दुसऱ्या कंपनीचे, तरी लागायचे. यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलंच नाही. ते लक्षात आलं 2021 साली.

22 जुलैला चिपळूणला पूर आला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. सावर्ड्यातून बरेच जण मदतीला गेले. माझा एक जुना विद्यार्थी सुतारकाम करतो, तोही हत्यारं घेऊन गेला. वीज नव्हती. दारं फुगून चौकटीत अडकलेली, बिजागऱ्या उखडलेल्या. त्याच्याकडे बॅटरीवरची दोन मशीनं होती. एक बारा-तेरा वर्षांचं ड्रिल आणि दुसरं स्क्रू पिळायचं, नवीन. दोन्ही एकाच कंपनीची (नाव लिहीत नाही), दोन्हींवर 18 व्होल्ट छापलेलं. जुन्याच्या बॅटरीने पंधरा मिनिटांत मान टाकली. नव्याच्या दोन भरलेल्या बॅटऱ्या पिशवीत होत्या, पण त्या जुन्याला लागेनात. नव्या मशीनमध्ये त्याच्याकडची गोल दांड्याची बिटं धरत नव्हती. शेवटी एका घरमालकाचं वडिलोपार्जित गिरमिट मागून घेतलं आणि त्याने संध्याकाळपर्यंत भोकं पाडली. हाताला फोड आले.

चार दिवसांनी दोन्ही मशीनं आणि इंग्रजी पुस्तिका घेऊन तो माझ्याकडे आला.

"सर, अठरा नि अठरा सारखेच ना? मग बसत का नाय?"

मी पडलो मराठीचा मास्तर. पण विद्यार्थ्याने विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणून सोडून देणं जमत नाही. पुस्तिका वाचली, शाळेतल्या विज्ञानाच्या मित्राला गाठलं. तेव्हा कळलं ते असं. जुन्या पेटीत निकेल-कॅडमियमचे 1.2 व्होल्टचे पंधरा सेल. नव्या पेटीत लिथियमचे 3.6 व्होल्टचे पाच. गुणाकार केलात तर उत्तर एकच, 18. पण स्वभाव वेगळे. निकेलची बॅटरी संपत आली की मशीन हळूहळू मंदावतं, आणि आपण थांबतो. लिथियमला ठरावीक मर्यादेखाली उतरवलं तर ती कायमची बिघडते. म्हणून तिला 'आता पुरे' म्हणणारं सर्किट लागतं. काही ठिकाणी ते बॅटरीत असतं, काही ठिकाणी मशीनमध्ये. जुन्या मशीनला ही अक्कलच दिलेली नाही. आणि जुन्या चार्जरवर लिथियम लावली तर आगीचाच धोका. तेव्हा हौसेने कोणी तसं करू नका.

म्हणजे कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. रिओबी कंपनीने 1996 पासून आपल्या 18 व्होल्टच्या बॅटरीचा आकार बदललेला नाही. त्यांची आजची लिथियम बॅटरी तेव्हाच्या मशीनला लागते. डिवॉल्टने जुन्या मशीनसाठी मधे बसवायचा अडॅप्टर काढला. मनात असलं की जमतं. ज्याच्या पिशवीत एका कंपनीच्या चार बॅटऱ्या आहेत, तो पाचवं मशीनही तिचंच घेणार, हा हिशेब दुकानदारालाही कळतो. सुताराच्या हातोडीचा दांडा मोडला तर तो बाभळीचा नवा घालतो. त्यासाठी हातोडी बनवणाऱ्याला विचारावं लागत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मोटर चांगली असून मशीन मेलं." यापुढे मला काही बोलता आलं नाही.

पुढे त्याने नवं ड्रिल घेतलं, अर्थात त्याच कंपनीचं. दुसरं घेऊन करणार काय? जुनं माझ्याकडे ठेवून गेला. "टाकवत नाय, सर." मशीन राहू दे, पण त्या मेलेल्या दोन बॅटऱ्यांचं काय? कॅडमियम विषारी. उकिरड्यावर फेकलं तर पावसाबरोबर विहिरीत. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. म्हणून मी त्या कागदात गुंडाळून एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाला, "काका, ठेवा हवं तर, कचऱ्याची गाडी आली की देतो."

मी त्या परत घेऊन आलो. माळ्यावर आहेत, जुन्या विजेरीशेजारी.