हरिणीच्या तळ्याकाठी

जून महिन्यात आम्ही दोघे पुतण्याकडे एडमंटनला होतो. एका रविवारी त्याने गाडी काढली आणि ईशान्येला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या लॅक ला बिश काउंटीत नेले. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ हरिणीचे तळे. आधी सपाट शेते, मग स्प्रूस-पॉपलरचे जंगल आणि एकदम समुद्रासारखे पाणी.

भूगोल शिकवणाऱ्याने हे ठिकाण पाहावेच. या तळ्याचे पाणी अथाबास्का नदीतून शेवटी आर्क्टिक महासागराला मिळते. थोड्याच अंतरावरच्या बीव्हर तळ्याचे मात्र हडसनच्या उपसागराकडे जाते. मधल्या पट्ट्यावरून क्री लोक होड्या वाहून नेत. १७९८ साली डेव्हिड थॉम्पसन याच वाटेने आला आणि त्याने फरच्या व्यापारासाठी ठाणे उभारले. मागोमाग १८५३ मध्ये कॅथलिक मिशन आले. क्री आणि मेटी (आदिवासी व युरोपियन यांची मिश्र संतती) आजही येथे राहतात. १९१९ च्या मे महिन्यात वणव्याने गाव जाळले, तेव्हा लोकांनी तळ्याच्या पाण्यात उतरून जीव वाचवला.

फरच्या या व्यापारात लेबनॉनच्या बेका खोऱ्यातले मुसलमानही आले. सुरुवातीच्यांपैकी अली अबूशादी. गावी त्यांना लोक अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणून ओळखत! पुढे अनेक लेबनानी कुटुंबांनी मिंक पाळले. १९५८ मध्ये त्यांनी अल-करीम मशीद बांधली. साठच्या दशकाअखेरीस गावात दर दहा माणसांत जवळपास एक मुसलमान होता. एवढ्या लहान, एवढ्या थंड गावात!

हे नावाचे ऐकून आम्ही पुतण्याकडे पाहिले. घरचा मुस्तफा ऑफिसात ‘मॅट’ झाला आहे, आणि आल्यापासून त्यावरून आमची त्याच्याशी धुसफूस चालू होती. ‘‘चाचा, अलींनी नाव बदललं, पण त्यांच्या लोकांनी मशीद बांधलीच ना?’’ तो म्हणाला. आम्हाला उत्तर सुचले नाही. मशीद बांधणाऱ्यांची नावे काय होती, एवढेच आम्ही पुटपुटलो.

जोहरची नमाज तेथेच अदा केली. किब्ला उत्तर-ईशान्येकडे! जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या आम्हाला क्षणभर गोंधळल्यासारखे झाले. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. मक्केचा सर्वांत जवळचा रस्ता तिथून उत्तरेकडूनच जातो. सुट्टीनंतर सातवीच्या वर्गात हा प्रयोग करायचा, असे तेथेच ठरवले.

नमाजनंतर एका वृद्ध लेबनानी गृहस्थांनी सलाम करून पुतण्याला नाव विचारले.

‘‘मुस्तफा,’’ तो म्हणाला.

परतताना रात्रीचे साडेनऊ झाले तरी सूर्य क्षितिजावर होता. मग़रिबला अजून अर्धा तास होता. चाचीने डब्यातले पराठे काढले, आणि नावाचा विषय त्या प्रवासात कोणीच काढला नाही.