नाळ, बॅकअप आणि आमच्या घरातल्या बायका

आयटीतल्या माणसाचं बॅकअप या शब्दावर भारी प्रेम. लॅपटॉपचा बॅकअप, फोनचा बॅकअप, डेटाबेसचा तर रोज रात्री दोनला. त्यामुळे बाळाचाही बॅकअप ठेवता येतो असं कुणी सांगितलं की आमच्यासारख्यांचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त पिशवीत घ्यायचं, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या काढायच्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या. पुढं कधी गंभीर आजार झालाच तर उपयोगी पडतील म्हणून. कॉर्ड ब्लड बँकिंग म्हणतात ते हेच. माझ्या टीममधल्या दोघांनी केलंय, एकानं तर हप्त्यांवर :)

पण मंडळी, गंमत अशी की पैसे भरताना नवरा-बायको दोघं असतात, आणि विकलं मात्र आईला जातं. हे मला कळलं ते ताईच्या बाळंतपणात.

ताई वाकडला असते, तीही आयटीतच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आमच्या नरसिंहपूरला आली. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: इंदापूर तालुक्याचं अगदी टोक. नीरा इथं भीमेला मिळते, पलीकडं सोलापूर जिल्हा. संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ. प्रल्हादानं आईच्या, म्हणजे कयाधूच्या, पोटात असताना नारदाचा उपदेश ऐकला ही गोष्ट आमच्याकडं लहान पोरंही सांगतात. पुण्यातल्या गर्भसंस्काराच्या क्लासमध्येही ताईला हीच गोष्ट सांगितली होती. तिथं तिनं एक फॉर्म भरला. त्यावरचा नंबर कुठं कुठं फिरला देव जाणे, पण तिला एका बँकेचे फोन यायला लागले.

फोनवरच्या बाई फार गोड बोलायच्या. "मॅडम, ही संधी आयुष्यात एकदाच येते." "उद्या बाळाला काही झालं, तर आपण केलं नाही असं वाटायला नको ना?" दाजींनाही फोन आला होता, पण त्यांना फक्त हप्ते, मुदत आणि डिस्काउंट सांगितलं. 'उद्या काही झालं तर' हे वाक्य फक्त ताईच्या वाट्याला. आठव्या महिन्यात, रात्री झोप लागत नसताना, हे वाक्य डोक्यात कसं फिरत असेल याचा विचार करा. एका संध्याकाळी फोन ठेवून ती रडायलाच लागली.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. २००३ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्समधला एक अभ्यास छापून आला होता. ४४३ गरोदर बायकांना या विषयावर प्रश्न विचारले होते. ७० टक्के बायकांनी सांगितलं, आम्हाला यातलं फारसं कळत नाही. आणि ठेवायचंच असेल तर कुठं ठेवाल, यावर ८६ टक्के म्हणाल्या, सार्वजनिक बँकेत, म्हणजे ज्याला गरज पडेल त्याला मिळावं अशा ठिकाणी. आपल्याच बाळासाठी पैसे भरून ठेवू म्हणणाऱ्या थोड्या. आईला शांतपणे विचारलं तर ती दुसऱ्याच्या लेकराचाही विचार करते. भीती घालून विचारलं तर.. असो.

तर आमच्याकडं रात्री जेवणं झाल्यावर सोप्यात बैठक बसली. आई म्हणाली, "साठ हजार काय, पाटल्या मोडू. पण नंतर मनाला खात राहील असं काही नको." आज्जीचा मुद्दा वेगळाच. तिची सगळी बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातची, आणि प्रत्येक वेळी वार परसातल्या लिंबाखाली पुरलेली. "नाळ पुरली तिथं माणसाचा जीव ओढतो. तुम्ही ती कुठल्या गावाला फ्रीजमध्ये ठेवणार?" सगळे हसले. ताईसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी.

मग आत्या बोलली. आत्या उपकेंद्रात नर्स होती, आता रिटायर झालीये. ती एवढंच म्हणाली, "ते रक्त टाकाऊ आहे असं कुणी सांगितलं तुला? ते बाळाचंच आहे की गं. नाळ बांधायची घाई केली नाही तर त्याच्याच अंगात जातं."

त्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसलो आणि आत्याचं म्हणणं तपासलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळाला श्वासासाठी लगेच मदत लागणार नसेल तर नाळ जन्मानंतर एक मिनिटाच्या आत बांधू नये. त्या एक ते तीन मिनिटांत वारेतलं ८० ते १०० मिली रक्त बाळाकडं जाऊ शकतं, आणि त्यातलं लोह पुढं काही महिने पुरतं. आता हे वाचा: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे शंभरातली जवळजवळ सत्तर पोरं! आणि बाळाला जितकं जास्त रक्त जाईल, तितकं पिशवीसाठी कमी उरतं. पिशवी भरायची म्हणून नाळ लवकर बांधणं तर कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आता बॅकअपचं बघू. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: ज्या सिस्टिममध्ये बग आहे तिचाच बॅकअप रिस्टोर केला तर बगही परत येतो. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे जन्मजात दोष. ते बाळाच्या साठवलेल्या पेशींमध्येही असणारच. रक्ताच्या कर्करोगातही स्वतःच्या जन्मवेळच्या पेशी वापरायला डॉक्टर कचरतात, कारण बिघाडाची सुरुवात तिथंच झालेली असू शकते. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण केलं, ते फॅन्कोनी अॅनिमिया असलेल्या एका मुलावर. रक्त त्याचं स्वतःचं नव्हतंच, त्याच्या नवजात बहिणीचं होतं. त्यानंतर हजारो रोगी असे बरे झाले, पण बहुतेकांना दुसऱ्याचं रक्त मिळालं होतं.

साठवलेलं रक्त त्या मुलाला किंवा घरच्या कुणाला लागण्याची शक्यता अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ साली साधारण २,७०० मध्ये एक अशी धरली होती. आपल्याकडं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये सांगितलं की 'विमा' म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवण्याची आम्ही शिफारस करत नाही. अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे: घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल तर धाकट्याचं रक्त जरूर ठेवावं. सख्ख्या भावंडांचं जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्या घरासाठी ही पिशवी म्हणजे खरंच लाख मोलाची.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी ताईपुढं मांडलं. मला वाटलं ती आता फाडफाड प्रश्न विचारेल. तिनं एकच विचारला, "म्हणजे मी हे केलं नाही तर मी वाईट आई नाही ना?"

मंडळी, हा प्रश्न आकड्यांचा नाहीच. ती स्वतः कोडिंग करते, शक्यतांची गणितं तिला माझ्यापेक्षा चांगली जमतात. तरीही आठ महिने तिच्या मनात हेच पेरलं गेलं होतं. बायकांना यातलं कळत नाही असं आपण सहज म्हणतो. पण तिला माहिती कुणी दिली? माहितीच्या नावाखाली विकणाऱ्यांनी अपराधीपणा दिला, आणि आम्ही घरच्यांनी, "तुला वाटेल तसं कर," म्हणून ओझं तिच्याच डोक्यावर ठेवलं.

शेवटी ताईनं नको म्हणून सांगितलं. निर्णय तिचा, दाजी सोबत होते. अकलूजच्या दवाखान्यात डॉक्टरांना तिनं स्वतः विचारलं, "नाळ बांधायला थोडं थांबाल का?" मुलगी झाली, छान रडली. वार दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत गेली म्हणून आज्जी थोडी नाराज. आठव्या दिवशी बेंबीचा वाळलेला तुकडा गळून पडला, तो मात्र तिनं लिंबाखाली पुरला. त्याला वार्षिक भाडं नाही :)

तुमच्या घरात असा फोन आला तर तीन प्रश्न विचारा. आमच्या घरात आधी कुणाला असा आजार आहे का, ज्यात भावंडाच्या पेशी लागतील? पिशवीसाठी नाळ लवकर बांधणार का? आणि आजवर तुमच्याकडं ठेवलेल्या किती पिशव्या खरंच वापरल्या गेल्या, त्यातल्या किती त्याच मुलासाठी? उत्तरं पटली तर जरूर ठेवा, पैसे तुमचे आहेत. फक्त हे प्रश्न विचारायला आईला एकटीला फोनवर सोडू नका.