रुळांखालचे बूच

लहान गाड्यांचा छंद आपल्याकडे फारसा परिचित नाही. पुण्याच्या जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. माझी गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची आहे. युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला ८७ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि तेवढेच अंतर ह्या दोन रुळांत असते. (आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्या हिशेबाने एकोणीस हवेत. परंतु भारतीय गाड्या करणारेही बहुधा साडेसोळावरच भागवतात.)

प्रश्न होता तो रुळांखाली काय घालावे हा. खऱ्या मार्गावर त्याचे उत्तर खडी. ती स्लीपर जागच्या जागी धरते, भार जमिनीवर पसरवते आणि पाण्याला वाट देते. माझे वडील चाळीस वर्षे ह्याच कामावर होते. माझे इंजिन मात्र भरते काहीशे ग्रॅम. त्याला खालून कसल्या आधाराची गरज? त्याला हवी असते शांतता. प्लायवूडवर रूळ थेट ठोकले की चाकांची आणि मोटारीची थरथर फळीत उतरते आणि सारे टेबल ढोलासारखे घुमू लागते. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाने एकदा अगदी सौजन्याने विचारले, 'वर गिरणी टाकली आहे का?'

अमेरिकेत ह्यासाठी होमासोट नावाचा कागदाच्या लगद्याचा जाड पुठ्ठा वापरतात. त्यात खिळा छान रुततो. आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणजे नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्ड. पण तो ओल शोषून फुगतो, आणि आमच्या किनारपट्टीचे चार महिने कोणाला सांगायला नकोत. फोमची पट्टी स्वस्त व मऊ खरी, मात्र खिळा जरा जास्त दाबला की रूळ तेथे खचतो. राहिले बूच. हे पोर्तुगालकडील एका ओक वृक्षाच्या सालीचे असते. झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा साल काढतात. तिच्या पेशींत हवा कोंडलेली असते, म्हणून ती दबते आणि पुन्हा उसळते. पाच मिलिमीटर जाडीची पट्टी मधोमध चिरलेली मिळते. प्रथम मार्गाची मध्यरेषा आखायची, मग एकेक अर्धी पट्टी त्या रेषेला भिडवत वळणावर वाकवायची. बाहेरची कड तिरपी कापलेली असल्यामुळे भरावाचा उतार आपोआप मिळतो. मी बूच घेतले. ह्या वयात सारे उखडून पुन्हा मांडणे होणार नाही.

त्यावर शोभेची बारीक खडी पसरून डिंकाने घट्ट करतात. वडिलांनी हे पाहिले आणि म्हणाले, "खडीला डिंक? मग पावसाचे पाणी जायचे कुठून?" त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पांढरा डिंक सुकला की दगडासारखा होतो. तो खडीतून ओघळून फळीपर्यंत पोचला, की बुचाने अडवलेला आवाज बाजूने पुन्हा खाली उतरतो. म्हणून मी सुकल्यावरही लवचीक राहणारा लॅटेक्सचा डिंक घेतला. गाडी इतकी मुकाट धावू लागली की पाठ फिरवली तर ती चालू आहे हेही कळेना.

आणि तेथेच अडचण आली. वडील आता एकोणनव्वद वर्षांचे आहेत. दृष्टी अधू झाली आहे आणि ऐकू येते ते केवळ मोठ्याने बोललेले. प्लायवूडवरच्या त्या घुमण्याच्या दिवसांत ते टेबलाला तळवा लावून बसत आणि रुळाचा कोणता सांधा सैल आहे ते बोटाने दाखवीत. बूच घातल्यापासून ते खोलीत येतात, थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. तक्रार अशी त्यांनी केलेली नाही.

म्हणून मुख्य मार्ग बुचावरच ठेवून खिडकीकडील एक सायडिंग थेट प्लायवूडवर घेतली आहे. खऱ्या स्थानकांतही सायडिंग पुष्कळदा मुख्य मार्गाहून खाली असते, तेव्हा दिसायलाही ते विपरीत नाही. खालच्या बिऱ्हाडाशी बोलून सायंकाळची पाच ते सहा ही वेळ ठरवली आहे. बुचावरून फळीवर पाच मिलिमीटर उतरायचे, तर मी पाव मीटर लांबीची लाकडी पाचर योजली होती, म्हणजे पन्नासास एक उतार. वडिलांना ते पसंत नाही. थळ घाटात सदतीसास एक चढ आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यांचे म्हणणे असे, की तो घाट आहे आणि हे स्थानक. शंभरास एक करावा. अर्धा मीटर लांबीची नवी पाचर सध्या तासतो आहे.